शिरेवरचे गाव

शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीचे वर्णन वाचताना होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्या जोडीने कोलार हे नाव मराठी वाचकाच्या नजरेखालून अनेकदा गेलेले असते. पुढे 1770 च्या मोहिमेत मराठ्यांच्या फौजांनी हैदरअलीकडून हे ठाणे काही काळ हिसकावून घेतले, हेही आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. ज्या हैदराशी माधवराव पेशव्यांची इतकी वर्षे झुंज चालली तो जन्माला आला तेही याच मुलखातल्या बूदिकोटे नावाच्या लहानशा किल्लेवजा गावात. तथापि विजापूरकर, मराठे, हैदर आणि अखेर कॉर्नवॉलिस अशा एकामागून एक आलेल्या अंमलांत कोलारचा लौकिक होता तो कोलारम्मेच्या आणि सोमेश्वराच्या देवळांचा, पावसाचे पाणी अडवणाऱ्या तळ्यांचा आणि घाटाखाली उतरणाऱ्या वाटेवरील नाक्याचा. कसब्यापासून पंधरा-वीस मैलांवर, खुरट्या झुडपांनी भरलेल्या बोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी, जगातील अत्यंत संपन्न सुवर्णशिरांपैकी एक शीर दक्षिणोत्तर पसरली आहे, या गोष्टीची दखल त्या राज्यकर्त्यांच्या कारभाराने घेतल्याचे दिसत नाही. भोवतालच्या खेड्यांतील माणसे मात्र पिढ्यान्पिढ्या ती दखल घेत आली होती, आणि माझ्या मते या गावाच्या इतिहासाचा आरंभ तेथून करावयास हवा.

आज ज्याला कोलार गोल्ड फील्ड्स किंवा नुसते के. जी. एफ. म्हणतात ते गाव पायांनी वाचावे असे आहे. काही काळ मी रॉबर्टसनपेठेत बिऱ्हाड करून राहिलो आणि सकाळ-संध्याकाळ हिंडलो, तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आले ते असे की या गावाला मध्य नाही. आपल्याकडील कसब्याला देऊळ असते, चावडी असते, नदीचा घाट असतो, आणि त्यांच्याभोवती वस्ती वाढत जाते. येथे वस्ती वाढली ती एका अदृश्य रेषेच्या कडेने. बंगारपेठेहून निघणारा रेल्वेचा लहानसा फाटा कोरोमंडल, ऊरगाव, चॅम्पियन अशी ठाणी घेत मारीकुप्पमला जाऊन संपतो, आणि त्याच्या साथीने जाणाऱ्या रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागले की बालाघाट, नंदीदुर्ग, ऊरगाव, चॅम्पियन रीफ आणि म्हैसूर या पाच जुन्या खाणींची हद्द एकामागून एक ओलांडावी लागते. रुळांना नाही, रस्त्याला नाही, प्रार्थनामंदिरांना आणि दारूच्या गुत्त्यांनाही नाही. या गावात कशालाच स्वतःची अशी दिशा नाही. पायाखाली शेकडो, आणि पुढे हजारो फुटांवर जी गारगोटीची शीर गेलेली आहे तिनेच सर्वांना दिशा दिली. ती शीर जाडीने काही फुटांचीच. परंतु तिच्यामुळे येथे पाणी आणावे लागले, वीज आणावी लागली, माणसे आणावी लागली, आणि ती नसती तर येथे शेळ्या चारण्यापलीकडे फारसे काही घडले नसते.

श्रीरंगपट्टण 1799 साली पडले आणि म्हैसूरच्या राज्याच्या सीमा नव्याने आखण्याचे काम कंपनी सरकारने हाती घेतले. 33 व्या पलटणीतील लेफ्टनंट जॉन वॉरन हा त्या मोजणीच्या निमित्ताने 1802 साली या बाजूस आला असता येथील मातीत सोने सापडते ही वदंता त्याच्या कानी गेली, आणि जो कोणी ते दाखवील त्याला बक्षीस देण्याचे त्याने जाहीर केले. ऊरगावचे लोक बैलगाड्यांतून माती भरून त्याच्या मुक्कामी आले आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती धुऊन त्यांनी सोन्याचे कण तळाशी उरवून दाखविले. सुमारे 120 पौंड मातीमागे जेमतेम एक ग्रेन सोने, असा त्याचा हिशेब होता. पुढे मारीकुप्पमला त्याने प्रत्यक्ष खाणी पाहिल्या. तीस ते पंचेचाळीस फूट खोल उतरलेल्या विहिरीवजा खड्ड्यांतून फोडलेला दगड टोपल्यांत भरून टप्प्याटप्प्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या हातोहात वर येई, बायका तो एका मोठ्या कातळावर नेऊन कुटून त्याची पूड करीत, आणि ती पूड विहिरीच्या काठी पाण्याने धुतली जाई. उपसा, कुटाई आणि धुलाई हे जे तीन टप्पे पुढे विलायती कंपन्यांनी लाखो पौंडांची यंत्रे बसवून चालविले, ते सर्वच्या सर्व त्या कातळाभोवती आधीच हजर होते. बंगळूरच्या छावणीत आज एका आयरिश सोजिराच्या नावाचा प्रतिष्ठित रस्ता आहे; मातीच्या गाड्या हाकणाऱ्यांची नावे वॉरननेही लिहून ठेविली नाहीत.

वॉरनचा वृत्तांत 1804 साली छापून आला आणि विसरला गेला. मधल्या पन्नास-साठ वर्षांत काही साहेबांनी थोडीफार उकराउकर केली, अपघात झाले, आणि 1859 साली भूमिगत खोदकामास सरकारने मनाईच केली. ज्याचे नाव त्या रस्त्याला मिळाले तो मायकेल फिट्झगेराल्ड लाव्हेल न्यूझीलंडमधील माओरी युद्ध आटोपून बंगळूरच्या छावणीत स्वस्थपणे निवृत्तीचे दिवस कंठीत होता. न्यूझीलंडमध्ये सोन्याच्या शोधाचे वेड त्याने पाहिले होते, आणि 1871 साली वॉरनचे जुने टिपण हाती पडताच तो बैलगाडीत बसून साठ मैलांवरील कोलारच्या वाटेस लागला. म्हैसूरचा कारभार त्या वेळी इंग्रज कमिशनरच्या ताब्यात होता, आणि सरकारचा कल असा की साहेबाने कोळसा शोधावा. सोन्याच्या गोष्टीवर सरकारचा भरवसा नव्हता. लाव्हेलने नेट सोडला नाही. 2 फेब्रुवारी 1875 रोजी त्याच्या नावे वीस वर्षांचा पट्टा झाला, ऊरगावच्या परिसरात विहीर खणावयास आरंभ झाला, आणि थोड्याच दिवसांत पदरचा पैसा संपून दोन वर्षांनी त्याने आपला हक्क एका मंडळीस विकून टाकला. म्हणजे ज्याला या गावाचा जनक म्हणतात त्याने येथून संपत्ती म्हणावी अशी काही नेली नाही. त्याने नेले ते कागदावरचे श्रेय, आणि तेही कमी नव्हते.

संपत्ती नेली ती लंडनच्या जॉन टेलर आणि पुत्र या पेढीने. 1880 साली ही पेढी येथे उतरली तेव्हा मद्रास इलाख्याच्या पश्चिमेकडील वायनाडात सोन्याच्या कंपन्यांचे पेव फुटले होते, आणि तेथे भागधारकांचे हात पोळले की लगेच त्याची झळ कोलारला लागे. म्हैसूर माइनमध्ये ओतलेल्या भांडवलाचा बहुतेक भाग निष्फळ विहिरींत गडप झाला, समभाग मातीमोल झाले, आणि उरलीसुरली रक्कम वाटून घेऊन खाते मिटवावे अशी भाषा भागधारकांच्या सभेत होऊ लागली. टेलर यांनी मोठ्या मिनतवारीने आणखी एका प्रयत्नापुरती मुदत मिळविली. कॅप्टन प्लमर या अधिकाऱ्याने तेव्हा पूर्वीच्या स्थानिक लोकांनी जेथे खड्डे घेऊन सोडून दिले होते नेमके त्यांच्याच तळाशी जाऊन शोध घेतला, आणि 1883 च्या सुमारास चॅम्पियन शीर हाती लागली. प्लमरला कॅप्टन म्हणत म्हणून कोणी त्याला लष्करी मनुष्य समजू नये. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींत मुकादमांच्या मुकादमाला ही पदवी असे, आणि तिकडच्या खाणी बसत चालल्यामुळे बेकार झालेली ती माणसे ही पदवी, आपले मेथडिस्ट भजनीपण आणि खडक वाजवून पाहण्याची आपली विद्या घेऊन जगभर पांगली होती. निर्णय लंडनचा, विद्या कॉर्नवॉलची, आणि वाट दाखविणारे खड्डे या मातीतल्या निनावी माणसांचे, अशी ती कामाची वाटणी होती.

शीर सापडल्यानंतरची वीस वर्षे हा या गावाचा विलक्षण काळ. 1891 च्या खानेसुमारीत येथे 7 हजारांच्या आसपास वस्ती होती, ती 1901 साली 38 हजारांवर गेली. बोअरिंगपेठेहून, म्हणजे आजच्या बंगारपेठेहून, खाणीपर्यंत रेल्वेचा फाटा 1894 मध्ये सुरू झाला. पालार नदीवरील बेतमंगल तलावाचे पाणी नळांनी आणण्यात आले. परंतु या सर्वांवर कडी केली ती विजेने. वाफेच्या यंत्रांना लागणारा कोळसा दुरून आणावा लागे आणि लाकूड तोडून तोडून जवळचे डोंगर उजाड झाले, तेव्हा कावेरीच्या शिवनसमुद्र येथील धबधब्यापासून वीज निर्माण करून ती तारांनी 92 मैल दूर कोलारला न्यावी, अशी योजना म्हैसूर सरकारचा अभियंता द लोटबिनिएर याने मांडली आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांनी ती दरबारच्या गळी उतरविली. एवढ्या अंतरावर इतक्या दाबाची वीज नेण्याचे धाडस त्या वेळी जगात फारच थोड्यांनी केले होते. अवजड यंत्रांचे सुटे भाग बैलांनी आणि हत्तींनी ओढून धबधब्यावर पोहोचविले. 30 जून 1902 रोजी वीज खाणीवर येऊन पोहोचली. शेषाद्री अय्यर हा दिवस पाहावयास उरले नव्हते. ते आदल्या वर्षी वारले होते. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागावयास 1905 साल उजाडावे लागले आणि खुद्द महाराजांच्या राजधानीला त्याहून उशीर झाला. राजाच्या आधी खाणीचा पंप, हा क्रम खजिन्याच्या दृष्टीने बिनचूक होता, कारण काढलेल्या सोन्याच्या मोलावर शेकडा पाच या दराने सरकारचा हक्क होता आणि म्हैसूरच्या पुरोगामी कारभाराची जी कीर्ती आपण ऐकतो तिच्या खर्चाचा मोठा वाटा येथून जात असे.

या विजेचा उजेड प्रथम कोणाच्या घरी पडला हे पाहावयाचे तर ऊरगावच्या बाजूस चढावर जावे. तेथे प्रशस्त आवारांत, उतरत्या कौलांचे, जाळीदार व्हरांड्यांचे बंगले अजून उभे आहेत. काहींची छपरे बसली आहेत, काहींत सरकारी कचेऱ्या नांदून गेल्या. 1885 सालचा क्लब, गोल्फचे मैदान, गुलाबांच्या ताटव्यांच्या खुणा आणि हवेतील गारवा हे सर्व पाहून जुने साहेब या जागेला छोटे इंग्लंड म्हणत. म्हणोत बापडे. चढावरून खाली उतरताना प्रथम इटालियन आणि अँग्लो-इंडियन मुकादमांची मध्यम आकाराची घरे लागतात, त्यानंतर कारकुनांची, आणि अखेर दगड कुटण्याच्या गिरणीच्या व राखी ढिगांच्या वाऱ्याखाली येणाऱ्या सखल जागेत ज्यांना लाइनी म्हणतात त्या मजुरांच्या चाळी. पगाराचे कोष्टक हाती न घेता नुसत्या उतारावरून चालत गेले तरी कोणाला काय मिळत असे ते उमगते.

मजूर आले ते बहुतांशी घाटाखालच्या तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट, सालेम आणि तेलुगू बोलीचा चित्तूर या बाजूंहून. आणि त्यांतील फार मोठा भाग गावकुसाबाहेरच्या परैयर जातीचा होता. दुष्काळ आणि जमीनदाराची वेठ यांना कंटाळून निघालेल्या या माणसांना खाण ही सुखाची जागा वाटली असेल असे नव्हे; पण तेथे मजुरी रोख मिळत होती आणि पाळण्यातून खाली उतरताना शेजारच्याची जात विचारीत बसण्यास सवड नव्हती. आरंभीच्या काळी या लाइनी म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या, वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये अशा ठेंगण्या. पटकी आणि 1898 नंतर प्लेग यांनी त्या वस्त्या वारंवार धुऊन काढल्या, तेव्हा आरोग्याच्या बंदोबस्तासाठी मंडळ नेमले गेले आणि रेसिडेंट रॉबर्टसन याच्या नावाची पेठ चौकोनी रस्ते आखून वसविण्यात आली. मी ज्या लाइनीतून रोज जात असे तिचा नकाशा असा: समोरासमोर दोन लांबट रांगा, मधे गाडी जेमतेम जाईल एवढा बोळ, बोळाच्या टोकाला सामाईक नळ आणि त्याच्याशी भल्या पहाटेपासून रांगेत लावलेल्या रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरी, प्रत्येक दाराशी हातभर उंबरठा आणि त्यावर रोज नव्याने काढलेले कोलम, आत एक खोली, तिच्या पाठीशी चुलीपुरती दुसरी. एका दारावर मुरुगनाचा मोर, दुसऱ्यावर वेलांकण्णीची माता, आणि त्याच्या शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब. मराठी मुलखातून आलेल्या माणसाचे पाऊल तेथे आपसूक थबकते.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी जे घडले त्याची पूर्वपीठिका शोधताना आपण महाराष्ट्राबाहेर क्वचित पाहतो. मद्रासचे सिद्धवैद्य आणि पंडित अयोतीदास यांनी 1898 साली कर्नल ऑल्कॉट यांच्या साहाय्याने सिंहलद्वीपात जाऊन बौद्ध दीक्षा घेतली, परैयर हे मूळचे बौद्ध होत आणि म्हणूनच त्यांना हीन ठरविण्यात आले असा सिद्धांत मांडला, मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापिला, आणि 1907 पासून ‘तमिळन’ नावाचे साप्ताहिक चालविले. या संघाची शाखा ज्या गावांत सर्वांत जोमाने रुजली त्यांत मारीकुप्पम आणि चॅम्पियन रीफ ही या खाणीवरची दोन ठिकाणे होती. जमिनीखाली हजार-दोन हजार फुटांवर सुरुंग लावणारी माणसे वर येऊन अंग धूत, आणि रात्री दिव्याखाली जमून आपल्या पूर्वजांचा धर्म कोणता याची चर्चा करीत. बुद्धजयंती साजरी होई, लग्ने आणि अंत्यविधी भटजीवाचून बौद्ध रीतीने लागत, मुलांसाठी शाळा चालत. 1914 मध्ये अयोतीदास वारले तेव्हा त्यांचे लेखन विस्मृतीत जावयाचे, ते पुष्कळ अंशी वाचले ते चॅम्पियन रीफ येथील सिद्धार्थ पुस्तकशाळेने त्यांची पुस्तके पुन्हा पुन्हा छापल्यामुळे. रोख मजुरी, एकवटलेली वस्ती आणि गावच्या पाटलाच्या डोळ्यांआड असण्याचे स्वातंत्र्य या तीन गोष्टी एकत्र आल्यावाचून हे घडणे कठीण होते. 1954 साली डॉ. आंबेडकर स्वतः या खाणीवर येऊन गेले. म्हणजे ते येथे आले तेव्हा बुद्धाचे नाव येथे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पोहोचलेले होते. सोन्याच्या इतिहासावर जी जाडजूड इंग्रजी पुस्तके झाली त्यांत कुटाईच्या यंत्रांच्या मुसळांची संख्या असते, या पुस्तकशाळेचा उल्लेख मात्र हुडकावा लागतो.

कंपनीच्या दृष्टीने हीच माणसे सदैव संशयित होती. पाळीवरून वर येणाऱ्या मजुराची झडती घेतली जाई, खाणीचा स्वतंत्र पहारा होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूर सरकारने केलेल्या खाण कायद्यान्वये कोणापाशी सोन्याचा दगड अथवा पाऱ्यात मिसळलेले सोने आढळले तर ते आपण प्रामाणिकपणे मिळविले हे शाबीत करण्याचा बोजा त्याच्यावरच असे. चोरी होत नसे असे नव्हे. सुवर्णनगरीत ती न होती तरच नवल. पण 1930 च्या एप्रिलमध्ये सर्व मजुरांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवण्याचा हुकूम सुटला तेव्हा सोसण्याची सीमा झाली, आणि कोणतीही नोंदलेली संघटना पाठीशी नसताना पाचही खाणी थंड पडल्या. तीन आठवडे संप चालला. ठसे घेण्याची ती रीत मागे घेतल्यावरच माणसे पुन्हा खाली उतरली. सोळा वर्षांनी, नोव्हेंबर 1946 मध्ये, साम्यवादी संघटनेच्या नेतृत्वाखाली पुन्हा असंतोष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार ठार झाले. चॅम्पियन रीफच्या बाजूस त्यांचे स्मारक आहे आणि दर नोव्हेंबरात तेथे लाल बावटे लागतात.

खाली काय होते ते वरून दिसत नाही, आणि खाण बंद असल्याने आता उतरूनही पाहता येत नाही. वर उरली आहेत ती पाळणे ओढणाऱ्या चाकांची लोखंडी मचाणे, आणि गिफर्ड, एडगर, हेन्री अशी जुन्या साहेबांची नावे धारण केलेल्या विहिरींची बंद तोंडे. चॅम्पियन रीफची खाण उतरत उतरत तीन किलोमीटरांपलीकडे गेली होती. तेथे खडकच इतका तापलेला की त्याचे उष्णतामान 60 अंश सेल्सिअसच्या वर, आणि वरून यंत्रांनी थंड केलेली हवा लोटल्याखेरीज माणसाने तेथे उभे राहणेही अशक्य. याहून भयंकर म्हणजे खडकाचे फुटणे. शीर काढून घेतलेल्या पोकळीवर डोंगराएवढा भार आला की भिंत एकाएकी तोफेसारखी उडे. त्याला आवर घालण्यासाठी पोकळ्यांत घडीव दगडांच्या भिंती रचीत, तरीही ती उडावयाची ती उडेच, आणि तिचा हादरा वर लाइनीतील मांडणीवरच्या भांड्यांना बसे. मग बायका कामावरच्या पाळीचा हिशेब करीत विहिरीच्या तोंडाशी जात. याशिवाय गारगोटीची धूळ फुफ्फुसांत साचून होणारा सिलिकोसिस होता. तो सावकाश मारीत असल्यामुळे अपघातांच्या रजिस्टरात त्याला जागा नव्हती, आणि पुष्कळ वर्षे तो क्षय म्हणून नोंदला गेला.

याच खोलीचा एक निराळा उपयोग मुंबईच्या माणसांना सुचला. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा वर्षाव जमिनीखाली कितपत पोहोचतो हे मोजण्यासाठी होमी भाभा यांच्या सूचनेवरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन 1951 पासून येथे उपकरणे घेऊन उतरू लागले. आणि पुढे एम. जी. के. मेनन प्रभृतींनी जपानच्या ओसाका व इंग्लंडच्या डरहॅम येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने सुमारे 7,600 फुटांवर मांडलेल्या यंत्रांनी 1965 साली वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल टिपली. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत दुसरा एक गट त्याच सुमारास त्याच शोधात होता, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. ही जड यंत्रे खाली नेली, तारा ओढल्या आणि जागा कोरून दिल्या त्या खाणीच्या माणसांनीच.

1880-90 च्या काळात टनामागे पन्नास ग्रॅमच्या जवळपास सोने देणारी शीर अखेरीस तीन-चार ग्रॅमांवर आली, तेव्हा तीन किलोमीटरांवरून दगड उपसणे आतबट्ट्याचे झाले. 1956 साली म्हैसूर सरकारने खाणी टेलर यांच्याकडून घेतल्या, 1962 मध्ये त्या केंद्राच्या अर्थखात्याकडे आणि 1972 मध्ये भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे गेल्या. मालक बदलले, शिरेची प्रकृती बदलली नाही. सव्वाशे वर्षांत सुमारे आठशे टन सोने काढून 28 फेब्रुवारी 2001 रोजी कामाचा अखेरचा दिवस झाला. पंप थांबले, आणि हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या बोगद्यांत पाणी चढू लागले.

त्या आठशे टनांच्या बदल्यात वर राहिले ते सायनाइडचे ढीग. दगडाची पिठासारखी पूड करून, पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवून आणि उरलेले सोने सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढल्यावर जो राखी-पांढरा गाळ उरे, तो येथे ओतीत गेले. त्याचे सपाट माथ्याचे, पावसाने घळी पडलेले डोंगर आता गावाच्या कडेला उभे आहेत. त्यांवर गवत धड उगवत नाही. चित्रपटवाले तेथे वाळवंट म्हणून येतात, आणि या गावाच्या नावावर अलीकडे जो गाजलेला चित्रपट निघाला त्यामुळे कोठूनकोठून आलेली पोरे ढिगावर उभी राहून आपली छायाचित्रे काढतात. ज्या कथेसाठी ती येतात तिच्यातील एकही प्रसंग येथे घडलेला नाही, आणि जे घडले ते विचारावयास कोणी लाइनीकडे वळत नाही. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की ती पूड उडते, दोरीवरच्या कपड्यांवर, भाताच्या पातेल्यावर आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंथरुणावर येऊन बसते.

खाण मिटली तरी लोक गेले नाहीत, याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. मला त्यात आश्चर्य दिसत नाही. ज्या मुलखातून त्यांचे पणजे निघाले तेथे त्यांची जमीन कधीच नव्हती, आणि जे काही त्यांनी स्वतःचे म्हणून उभे केले ते या बोळांत होते: वाचनालये, विहार, चर्चमधील गायकवृंद, फुटबॉलचे संघ, आणि तमिळ, तेलुगू, कन्नड, उर्दू व साहेबी इंग्रजी यांची सरमिसळ झालेली बोली. म्हणून पहाटे चार-पाचच्या सुमारास मारीकुप्पमहून बंगळूरला सुटणाऱ्या गाड्यांत उभे राहावयास जागा नसते. नाक्यावरचे पहारेकरी, रुग्णालयातील परिचारिका, कारखान्यांतील फिटर आणि दुकानांतील मुली शंभर किलोमीटर जातात आणि रात्री नऊ-दहाला परत येतात. जवळपास काम म्हणावे तर 1964 मध्ये स्थापन झालेल्या बी. ई. एम. एल. या अवजड यंत्रांच्या सरकारी कारखान्याचे. पण त्यात खाणीवरची सारी माणसे कधीच सामावणार नव्हती.

2024 साली कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने सायनाइडच्या तेरा ढिगांतून पुन्हा सोने गाळण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास संमती दिली. सव्वातीन कोटी टनांच्या वर तो गाळ आहे, टनामागे सोने अगदी किंचित, परंतु सोन्याचा आजचा भाव पाहता तेवढेही परवडते असा हिशेब मांडला गेला. गावातील चहाच्या टपऱ्यांवर याची चर्चा ऐकली तर सोन्याच्या प्रमाणाविषयी कोणी फारसे बोलत नाही. ढीग हलविताना उडणारी धूळ कोण आवरणार, मक्ता घेणारा आपली माणसे बाहेरून आणणार की येथील तरुणांना घेणार, आणि कामगारांच्या खोल्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्या नावावर पक्क्या केव्हा होणार, हे तेथील प्रश्न आहेत. आणि जुन्या खाणकामगारांपैकी कोणी त्या घोळक्यात असलाच तर तो चौथा एक प्रश्न विचारतो, की बंद झालेल्या खाणीकडे त्याची जी थकबाकी अजून येणे आहे ती या नव्या सोन्यातून मिळणार आहे किंवा नाही.